सुम्न कुंदर: आळत्याचे दहा दिवस

विपश्यनेच्या, म्हणजे मौनात बसायच्या ध्यानाच्या, दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलो त्याची ही गोष्ट, पण आधीच सांगून टाकतो, मी काय अध्यात्मातला माणूस नाही. बेळगावात वडगावला घराच्या मागच्या शेडमध्ये आमचे चार पॉवरलूम आहेत, सकाळी सातला सुरू झाले की रात्री नऊ-दहापर्यंत चालतात, आणि ज्याने मागाच्या शेडमध्ये कधी पाय ठेवला नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. आम्ही घरात पण एकमेकांशी ओरडूनच बोलतो, पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय. निम्म्या वेळेला खरंच भांडण चाललेलं असतं ती गोष्ट वेगळी.

माझं वय एक्केचाळीस, बीपीची गोळी चालू होऊन दोन वर्षं झाली होती, झोप म्हणजे रात्री एकला लागायची आणि चारला उघडायची. लॉकडाऊनमध्ये साड्या पडून राहिल्या तेव्हापासून जो राग अंगात बसला तो माग पुन्हा सुरू झाले तरी गेला नाही. एक दिवस पोरगा जेवताना मोबाईल बघालता म्हणून मी काय केलं असेल, त्याचा नाही, माझाच मोबाईल भिंतीवर आपटला. चौदा हजारांचा, तीन हप्ते बाकी होते. बायको काही बोलली नाही, खराटा घेऊन काचा गोळा करायला लागली, आणि पोरगा ताटावरून उठून हळूच आतल्या खोलीत गेला. ते हळूच जाणं मला लई लागलं.

आणि दुसरं म्हणजे धाकटा भाऊ. आप्पा गेल्यावर वाटणी झाली, शेड माझ्याकडे आली, पुढची बाजू त्याच्याकडे, मध्ये नऊ इंची भिंत. त्या वाटणीच्या गडबडीत त्याने आप्पांचा जुना हातमाग, खड्ड्यात पाय सोडून बसायचा तो, मोडून जळणाला देऊन टाकला. मला न विचारता. मी त्याला भर गल्लीत जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, त्याने पण काय कमी केलं नाही. त्याला आता चार वर्षं झाली. बायका बोलतात, पोरं एकत्र क्रिकेट खेळतात, डबे भिंतीवरून इकडे तिकडे जातात, फक्त आम्ही दोघं बोलत नाही.

आमच्या गल्लीत पूर्वी टपाल वाटणारे एक काका आहेत, रिटायर, मूळचे निपाणीकडचे. 1925 साली बाबासाहेब निपाणीला परिषदेला आले होते तेव्हा आपले आजोबा तिथं होते हे ते प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मोबाईल फुटल्याची बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात येऊन उभे राहिले, मागाच्या आवाजात ओरडून म्हणाले, "दहा दिवस तोंड बंद ठेवून बसायला जमतंय काय रे तुला?"

मी म्हटलं, काका, मी काय बौद्ध नाही. तर म्हणाले, "गोयंका गुरुजी तरी कुठं होते? कट्टर मारवाडी घरातले." मग तिथंच बॉबिनच्या खोक्यावर बसून त्यांनी सगळी स्टोरी सांगितली. सत्यनारायण गोयंका 1924 सालचे, ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेले, मोठे व्यापारी, आणि मायग्रेनने इतके हैराण की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायला लागायची. 1955 ला विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि ते पण कोण तर सरकारी नोकरीतले, अकाउंटंट जनरल. ऊ बा खिन म्हणाले नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. मग गोयंका 1969 ला भारतात आले आणि ही विद्या जिथून निघाली तिथं परत घेऊन आले. मला त्यातली डोकेदुखीची आणि धंद्याची गोष्ट पटली, बाकी त्या वेळी डोक्यावरून गेलं.

इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सगळ्यांना माहीत असतं, 1976 पासूनचं आहे, पण आपल्याला जवळचं म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात आळत्याला. फॉर्म ऑनलाइन पोराने भरून दिला (आपला मोबाईल फुटलेला ना). त्यात तब्येतीचं, औषधांचं, मानसिक आजाराचं सगळं विचारतात, ते खरं लिहा, लपवू नका, मोठा मानसिक त्रास असेल तर डॉक्टरना विचारल्याशिवाय असल्या शिबिराला जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. मी बीपीची गोळी लिहिली, आणि दहा दिवस ती चालूच ठेवली. आणखी एक, भाषा विचारतात. बेळगावच्या माणसाला फॉर्मवर भाषा विचारली की त्याचा पेन जरा जास्तच दाबला जातो. मी मराठी लिहिलं.

पैसे घेत नाहीत. राहणं, जेवण, काहीच नाही. आणि एक कोर्स पूर्ण केल्याशिवाय तुमच्याकडून दान पण घेत नाहीत. हे ऐकून मला उलट संशय आला, आम्ही धंदेवाली माणसं, फुकट म्हटलं की माल तपासून घेतो.

सकाळची कोल्हापूर गाडी धरली, कोगनोळीचा नाका ओलांडला, कोल्हापुरातून हातकणंगले, तिथून रिक्षा. दुपारी पोचलो. मोबाईल, पाकीट, वही, पेन सगळं जमा. वाचायचं पण नाही, लिहायचं पण नाही. पंचशील घ्यायचं, म्हणजे हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. मी मनात म्हटलं खोटं न बोलणं सोपं आहे, बोलायचंच नाही तर खोटं कुठून येणार. माझी तंबाखू मात्र तिथं सुटली ती आजतागायत. त्याचं श्रेय कोणाला द्यायचं मला माहीत नाही, पहिल्या तीन दिवसांत डोकं जे ठणकलं ते तंबाखूमुळेच असावं.

संध्याकाळी आर्य मौन सुरू. बोलायचं नाही, खुणा पण नाहीत, नजरेला नजर पण द्यायची नाही. आणि तेव्हा एक गोष्ट झाली जी मी अपेक्षा केली नव्हती. रात्री अंथरुणावर पडलो आणि माझ्या कानात माग सुरू झाले. खटॅक, खटॅक, खटॅक. खोली एकदम शांत, बाहेर रातकिडे, आणि माझ्या कानात चारी माग फुल स्पीडमध्ये. वीस-बावीस वर्षं तो आवाज बाहेर असायचा म्हणून आतला कधी ऐकूच आला नव्हता.

दिवसाचं टाइमटेबल सांगतो म्हणजे अंदाज येईल. पहाटे चारला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, आठ ते नऊ सगळ्यांनी हॉलमध्ये, नऊ ते अकरा पुन्हा, अकराला जेवण, एकपासून पाचपर्यंत पुन्हा बसणं, पाचला नवीन लोकांना चहा, चुरमुरे आणि एखादं फळ, रात्रीचं जेवण नाही, सहा ते सात ध्यान, मग गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन, मग थोडं ध्यान, साडेनऊला दिवे बंद. दहा तासांच्या वर बसणं होतं. पहिल्या संध्याकाळी ते चुरमुरे बघून मला बेळगावची आठवण आली आणि डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत, चुरमुऱ्यासाठी.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. म्हणजे श्वास बघायचा. मुद्दाम घ्यायचा नाही, मोजायचा नाही, कुठला जप जोडायचा नाही, नैसर्गिक आत येतोय बाहेर जातोय तेवढं जाणायचं. ऐकायला सोपं. मी बसलो, डोळे मिटले, दोन श्वास बघितले, तिसऱ्याला मी सूत व्यापाऱ्याच्या दुकानात होतो, तिथून भावाच्या दारात, तिथून मागच्या दिवाळीत. भानावर आलो तर वीस मिनिटं गेलेली. पुन्हा दोन श्वास. पुन्हा गायब.

दुपारच्या वेळेत आचार्यांना भेटून शंका विचारता येतात, तिथं हळू आवाजात बोलायची परवानगी असते. मी जाऊन सांगितलं, सर, माझं मन दोन श्वासाच्या वर टिकत नाही. ते हसले पण नाहीत, म्हणाले गेलंय हे कळलं की परत आणायचं, चिडायचं नाही. मला वाटलं हे काय उत्तर झालं. पण हॉलमध्ये परत येऊन बसल्यावर डोक्यात आलं, हे तर मी रोज करतो. मागावर ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा, टोकं शोधायची, गाठ मारायची, पुन्हा चालू. धाग्यावर कोण चिडतंय? आप्पा म्हणायचे धागा तुटल्याचं काही नाही, तुटलेला दिसला नाही तर कापडात फट लांबपर्यंत जाते. तिसऱ्या दिवशी माझे धागे शंभर वेळा तुटत होते पण मला दिसत होते.

त्या दिवशी एक मजा झाली. लक्ष द्यायची जागा लहान लहान करत आणतात, शेवटी नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढीच पट्टी. आता तिथं माझी मिशी. मला वाटलं मिशीवाल्यांना हे जमणारच नाही. तासभर काहीच कळेना, आणि मग अचानक एक केस, एकच, श्वास बाहेर जाताना किंचित हलतोय आणि त्याच्या मुळाशी थंडगार काहीतरी होतंय हे स्पष्ट कळालं. एका मिशीच्या केसाचं मूळ. वीस वर्षं रोज आरशात मिशी बघतोय, तिला मूळ आहे हे त्या दिवशी कळालं. मला एवढा आनंद झाला की लगेच वाटलं कोणाला तरी सांगावं, आणि सांगायचं तर नव्हतंच, म्हणून तो आनंद तसाच घेऊन बसलो, आणि बघता बघता तो पण गेला.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत एकेका भागावर मन फिरवायचं आणि तिथं जी वेदना असेल ती नुसती जाणायची. इथं आपल्या मराठी माणसाची गडबड होते. आपल्याकडे वेदना म्हणजे दुखणं. पाली भाषेत तसं नाही, खाज, गरम, गार, मुंग्या, दाब, गोड वाटणं, काहीच न वाटणं, सगळीच वेदना. मी पहिला दिवसभर अंगात कुठं दुखतंय तेच शोधत बसलो, आणि शोधायला गेलं की सापडतंयच, उजवा गुडघा तर वाटच बघत होता.

कारण त्या दिवसापासून अधिष्ठान. दिवसातून तीनदा तास-तास बसायचं, त्या तासात हात उघडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पहिल्या अधिष्ठानात मी अठ्ठावीस मिनिटांत पाय पसरला, हॉलमधलं घड्याळ बघून सांगतोय. दुसऱ्यात चाळीस. पाचव्या दिवशी संध्याकाळी ठरवलं, हलायचं नाही. गुडघा पेटला. अक्षरशः कोणीतरी आत स्क्रू फिरवतंय असं. मांडीत मुंग्या, पाठीला घाम, दात आवळलेले, आणि मनात शिव्या, आधी गुरुजींना, मग काकांना. मग एका क्षणी वाटलं बघू तरी हे नक्की काय आहे, आणि दुखणं दुखणं न म्हणता त्याच्याजवळ गेलो तर ते एक नव्हतंच. गरम होतं, ठोके होते, एक ओढ होती, ती मध्येच सुटायची आणि पुन्हा यायची. दहा-बारा सेकंद तर काहीच नव्हतं. "अनिच्च, अनिच्च" असं गुरुजी त्या जाड आवाजात म्हणतात ना, सगळं बदलतंय म्हणून, ते तोपर्यंत मला नुसतं शब्द होते. मग लगेच मन म्हणालं वा, जमलं, आणि दुसऱ्या सेकंदाला स्क्रू परत चालू. शेवटी "भवतु सब्ब मंगलं" झालं, सगळे "साधु साधु साधु" म्हणाले, आणि मला उभं राहता येईना.

सहावा दिवस मात्र वाईट गेला. पळून जायचं ठरवलं होतं, बॅग पण भरली. कारण गुडघा नव्हता, कारण भाऊ. सकाळच्या ध्यानात काय झालं कुणास ठाऊक, आप्पांचा तो हातमाग दिसला, खड्ड्याच्या कडेला गुळगुळीत झालेलं लाकूड, त्यावर आप्पांचा हात, आणि मग भावाचं तोंड. आणि राग आला. पण या वेळेला पहिल्यांदा मी राग येताना बघितला. विचार नंतर आला बरं का, आधी उजव्या कानाच्या मागं गरम झालं, मग ते मानेवरून छातीत उतरलं, मग हाताची बोटं आवळली, आणि मग वाक्य आलं, "हरामखोरानं विचारलं पण नाही." मी आयुष्यभर समजत होतो आधी माणूस काहीतरी करतो आणि मग मला राग येतो. इथं कोणीच काही केलं नव्हतं, हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं शांत बसलेली, पंखा फिरतोय, आणि माझा कान गरम.

मला ते सहन झालं नाही. आचार्यांना सांगितलं मला घरी जायचंय. त्यांनी विचारलं आत्ता शरीरात काय चाललंय. मी सांगितलं कान. म्हणाले आज संध्याकाळपर्यंत कान बघा, मग बोलू. सुम्न कुंदर, असं मला ऐकू आलं. म्हणजे ते बोलले नाहीत, ते आमच्या आजीचं. तिची अर्धी भाषा कन्नड, अर्धी मराठी, आम्ही दोघं भाऊ दंगा करायला लागलो की दोघांना एकेका खांबाला टेकवून बसवायची आणि म्हणायची "सुम्न कुंदर", गप बस. संध्याकाळपर्यंत कान बघितला. आठ-दहा वेळा तापला, आठ-दहा वेळा निवला. बॅग सोडली.

माझा रूम पार्टनर होता त्याच्याबद्दल सांगायचं राहिलं. पन्नाशीचा, जाडजूड, रात्री घोरायचा, पहाटे माझ्या आधी उठून बाथरूम अडवायचा, आणि चप्पल नेहमी माझ्या चपलेवर काढायचा. बोलायचं नसल्यामुळे मी दहा दिवसांत त्याची अख्खी कुंडली मनात तयार केली, श्रीमंत, गर्विष्ठ, पुण्याकडचा, बायकोला त्रास देणारा. दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान, शिकवतात आणि मौन सुटतं. बाहेर आलो तर हा समोर उभा, हात जोडून म्हणाला, "नमस्कार री, याव ऊरु?" कन्नडमध्ये विचारत होता, गाव कुठलं. अथणीकडचा शेतकरी. ऊस आणि कर्ज. बायको गेल्या वर्षी कॅन्सरने गेली होती, झोप येत नाही म्हणून आला होता. तोडक्या मराठीत मला म्हणाला तुम्ही रात्री झोपेत बोलता, भाऊ भाऊ म्हणून. तो सुद्धा माझी कुंडली मांडून बसला होता, त्याला वाटलं होतं माझा भाऊ वारला.

त्यावर मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, नाही, आहे, भिंतीपलीकडे.

घरी आल्यावर लोक विचारतात, शांती मिळाली काय? बायकोने पण विचारलं, "अवो, काय मिळालं तिकडं?" मी म्हटलं कान मिळाला. तिला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय. काय सांगणार? बीपीची गोळी अजून चालू आहे, डॉक्टरनी डोस बदललेला नाही. सकाळ-संध्याकाळ तास-तास बसायला सांगतात, माझं सकाळचं पाऊण तास होतं, संध्याकाळचं आठवड्यातून तीनदा, हे पण कबूल करतो. राग येतोच. आठवडाभरातच पोरावर ओरडलो. फरक एवढाच की ओरडायच्या आधी कान गरम होतो आणि तो आता मला कळतो, कधी दोन सेकंद आधी, कधी ओरडून झाल्यावर. गल्लीतल्या एक-दोघांनी बुद्ध झालास काय म्हणून टोमणा मारला, त्यांना काय सांगत बसायचं. काकांना मात्र पहिल्या रविवारी विहारात जाऊन भेटून आलो, वंदना ऐकली, ते पंचशील म्हणताना मला आता पालीतले निम्मे शब्द कळत होते याचं त्यांनाच जास्त कौतुक.

गेल्या महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला करंट गेला. चारी माग एकदम बंद. भिंतीपलीकडे भावाने पण आता दोन माग टाकलेत, ते पण बंद. अशी शांतता आमच्याकडे वर्षातून चार-पाच वेळाच होते. मी धोटा हातात घेऊन तसाच उभा होतो, आणि भिंतीच्या वरच्या झरोक्यातून त्याचा आवाज आला. कोणाला विचारतोय ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, "तिकडं पण गेला काय?"

उजव्या कानाच्या मागं गरम झालं. मानेपर्यंत आलं. मी उभाच राहिलो.

"व्हय," मी म्हटलं. "गेलाय."

थोडा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "ट्रान्सफॉर्मरवर काम चाललंय म्हणे. सहा वाजतील."

"वाजू देत," मी म्हटलं, आणि बॉबिनच्या खोक्यावर बसलो.